दचकू नये म्हणून

१

आमच्या घरात अजूनही कुणी न सांगता खोलीत शिरत नाही. दाराच्या अलीकडे थांबायचं, हळू आवाजात "मी आहे" म्हणायचं, आतून "ये" आलं की मगच पाऊल टाकायचं. दार उघडं असलं तरी, आतलं माणूस समोर दिसत असलं तरीही. टकटक करायची नाही. हाक मारायची नाही. झोपलेल्याला उठवायचं तर पांघरुणावरून पाऊल धरायचं आणि ते माणूस आपणहून डोळे उघडेपर्यंत धरून ठेवायचं.

हे नियम मी आणि माझ्या मुलीने मिळून केले. डॉक्टरांनी फक्त कारण सांगितलं होतं. त्यांच्यासमोर कागदाची लांब पट्टी होती, तिच्यावर मुलीच्या हृदयाची रेघ.

"हा ठोका," ते म्हणाले. "ठोका पडला की हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हावं लागतं. हिचं हृदय तयार व्हायला जरा जास्त वेळ घेतं. एरवी काही बिघडत नाही. ती चालेल, हसेल, तुमच्याशी भांडेल."

"ते चालूच आहे," मुलगी म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. "पण नेमक्या त्या वेळात एकदम मोठा आवाज झाला, ती दचकली, तर ताल सुटू शकतो. ताल सुटला की हृदय नुसतं थरथरत राहतं. रक्त पुढे ढकलत नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग फार वेळ मिळत नाही. हिच्या आईचं असंच झालं असणार."

हिच्या आईचं असं झालं : सकाळी ती गाढ झोपेत होती आणि उशाशी ठेवलेला फोन वाजला. ती ताडकन उठून बसली, माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तशीच मागे पडली. मला वाटलं, पुन्हा झोपली. फोन वाजतच होता, म्हणून मी तो घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, "सायकलचं दुकान का?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "माफ करा, झोपमोड केली."

तिला जन्मभर काही झालं नव्हतं. शाळेत असताना एकदोनदा घेरी आली होती, तेव्हा सगळ्यांनी 'उपाशी राहते, दुसरं काय' म्हणून सोडून दिलं होतं. तिच्यानंतर सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. तिची बहीण सुटली. मुलगी सापडली.

गोळ्या सुरू झाल्या. छातीत एक लहान यंत्र बसवायचं ठरलं. ताल सुटला तर ते आतूनच झटका देतं आणि हृदय ताळ्यावर आणतं. मुलगी म्हणाली, दोन वर्षांनी माझी शेवटची परीक्षा आहे, ती होऊ दे. डॉक्टर म्हणाले, त्यापुढे मुळीच लांबवू नका. तोवर ते यंत्र म्हणजे मी होतो.

२

मी फ्रेमवाला आहे. घराच्या पुढच्या खोलीत माझं काम चालतं. मागच्या अंगणात काच कापायची शेड आहे, आणि दोन्हींच्या मधून एक पॅसेज जातो. त्या पॅसेजमध्ये मुलीची खोली. तिच्या उंबऱ्याच्या आतली एक फरशी हलते. पाय पडला की 'टुक' करते. हळूच, एखाद्याने तोंडातल्या तोंडात जीभ वाजवावी तशी. सगळ्या घरात आवाज करायची मुभा असलेली ती एकटीच, असं मुलगी म्हणायची.

बाकी सगळ्यांची तोंडं मी बंद केली होती. दारावरची घंटा काढून टाकली. किटलीची शिट्टी मोडली. फोन मुके केले. गजराचं घड्याळ शेजाऱ्यांना देऊन टाकलं आणि त्यांच्या आपटणाऱ्या दाराला माझ्या हाताने जाड लोकरी नमद्याची पट्टी चिकटवली. शेजारीण म्हणाली, "तुम्ही आमच्या नवऱ्याच्या घोरण्यालाही काही चिकटवून द्याल का?" फ्रेमला खिळे ठोकणं सोडलं. सरस लावायचा, शिकंजा आवळायचा, आणि वाट बघायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं. मी म्हणायचो, खिळ्यापेक्षा सरस जास्त धरतो. काच कापायची आणि ती पॅसेजमधून न्यायची, ती फक्त मुलगी कॉलेजात असताना.

"आपलं घर म्हणजे वाचनालय झालंय," ती म्हणायची. "फक्त वाचायला काही नाही."

आणि एक टोमणा ती नेहमी मारायची. माझ्याकडे येणारे निम्मे फोटो गेलेल्या माणसांचे असतात. ते टेबलावर ओळीने पडलेले बघून ती म्हणायची, "सगळ्यांच्या आया भिंतीवर, आपलीच कपाटात."

मी म्हणायचो, "लावू."

३

परीक्षा जवळ आली तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं जेवत होतो. ती म्हणाली, "बाबा, तू हल्ली विसरायला लागलायस का रे?"

"काय?"

"दाराशी येतोस, मी आहे म्हणतोस. मी ये म्हणते. आणि तू येतच नाहीस. मी वाट बघत बसते, येडी समजतोस का मला?"

माझा घास हातातच राहिला. कारण नेमकं हेच मी तिला विचारणार होतो. सरस लावताना माझे दोन्ही हात अडकलेले असतात. मागून, दाराच्या पलीकडून "मी आहे" येतं. मी वळून न बघता "ये" म्हणतो. आणि मग कुणीच येत नाही. मला वाटायचं, पोरीला काहीतरी आठवलं असेल, गेली असेल परत.

"मी नव्हतो," मी म्हणालो.

ती हसली. मग माझ्याकडे नीट बघून हसायची थांबली.

आम्ही दोघं समजूतदार माणसं आहोत. त्या दिवशी आम्ही त्याचा समजूतदारपणे निकाल लावला. भिंत पातळ आहे, शेजाऱ्यांकडचं बोलणं येत असेल. पाइपात हवा अडकत असेल. शिवाय शांततेची सवय झालेला कान स्वतःच आवाज तयार करतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मुख्य म्हणजे, आम्ही दोघंही अशाच एका आवाजाची सतत वाट बघत असतो. जो जे वांछील तो ते ऐको, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "विनोद नको करू, बाबा. तुला जमत नाहीत."

कुजबुजीला चेहरा नसतो. मोठ्याने बोललं की बाई कोण, पुरुष कोण, म्हातारं कोण, ते कळतं. हळू बोललं की सगळे एकच. दोन वर्षं आम्ही एकमेकांचा आवाज ओळखतो असं समजत होतो. खरं तर आम्ही फक्त शब्द ओळखत होतो.

ती टेबल आवरताना सहज म्हणाली, "पण एक आहे. फरशी वाजते."

"कुठली?"

"माझ्या दारातली. मी ये म्हटलं की वाजते. मला वाटायचं, तू आत पाऊल टाकलंस आणि परत फिरलास."

"परत फिरताना पुन्हा वाजते?"

तिने आठवून बघितलं. हातातलं फडकं तिने इतकं हळू खाली ठेवलं, की ते ठेवलं हे मला तिच्या हाताकडे बघूनच कळलं.

"नाही," ती म्हणाली. "एकदाच वाजते."

४

मुलीची मावशी राहायला आली. ती आली की आमच्या घराला धाकधूक वाटते. बाईचा आवाज असा, की रस्त्याच्या पलीकडचा माणूस ओ देतो. उंबऱ्यातच मी तिच्या टाचांचे बूट काढून घेतले.

"आता जीभ पण काढून देऊ का, भाऊजी?" ती शक्य तितक्या हळू म्हणाली. पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

मुलीला ती चिमटे म्हणते. "चिमटे, तुझा बाप तुला कापसात गुंडाळून ठेवणार बघ. काचेच्या बांगडीसारखी."

"काचेचं काम करतो ना तो," मुलगी म्हणाली. "सवयच आहे."

दोघी तोंडावर हात धरून हसल्या. आमच्या घरी तसंच हसायचं असतं. किती दिवसांनी मला बरं वाटलं. मी मावशीला काहीच सांगितलं नव्हतं. मुलीनेही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी माझ्या टेबलाशी आली. "मी आहे" म्हणायचं ती विसरलीच. तिचा चेहरा चमत्कारिक झाला होता, रागावल्यासारखा.

"भाऊजी, घरात भाडेकरू ठेवलाय का?"

"का गं?"

"मी चिमटीच्या खोलीत पडले होते. ती बाहेर गेलीय. दाराशी कुणीतरी म्हणालं, मी आहे. मी म्हटलं, कोण? तर गप्प. मी पुन्हा विचारलं, अहो मी म्हणजे कोण? नाव गाव काही आहे की नाही? उत्तर नाही. उठून बघितलं तर पॅसेज रिकामा."

"फरशी वाजली?"

"कसली फरशी?"

"काही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. बहिणीचेच डोळे. "तुम्ही दोघं काय म्हणता?" तिने विचारलं. "मी आहे म्हटलं की?"

"ये म्हणतो."

"कोण आहे ते न विचारता?"

"घरात दोघंच तर आहोत."

"अहो, मग बोलावता म्हणून येतंय ते," मावशी म्हणाली. आणि आपल्याच बोलण्याला हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. संध्याकाळचं जेवण न घेताच ती निघाली. जाताना तिने बूट हातात घेतले आणि रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत अनवाणी गेली. मला वाटतं, हे ती आमच्या नियमासाठी करत नव्हती. तिला आपल्या पावलांचा आवाज कुणाला ऐकू जायला नको होता.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मी आठवत बसलो, गेल्या दोन वर्षांत मी किती वेळा न बघता "ये" म्हणालो असेन. आणि तिने किती वेळा. एकदाच वाजणारी फरशी किती वेळा वाजली असेल. आणि जे आत आलं, ते अजून बाहेर गेलेलं नाही.

५

नियम बदलला. "मी आहे" ऐकू आलं की "ये" म्हणायचं नाही. आधी विचारायचं, "कोण?" बाहेरच्याने सांगायचं, "बाबा." किंवा आपलं नाव. मगच "ये".

मुलीने माझी बरीच टिंगल केली. "ओळखपत्र दाखवा, फ्रेमवाले." पण तिने नियम पाळला. पहिले काही दिवस आम्ही दोघंही चुकत होतो. दोन वर्षांची सवय तोंडाला असते, तिला डोक्याची गरज लागत नाही. "मी आहे" आलं की जिभेवर "ये" तयारच असायचं. ते गिळून "कोण" म्हणायला शिकावं लागलं.

पण उपाय लागू पडला. सरस लावत असताना मागून "मी आहे" आलं, मी "कोण?" विचारलं, आणि पलीकडे नुसती शांतता. ती शांतता मला ऐकू येत होती. एखादं माणूस उत्तर शोधत असावं तशी. मग तीही गेली. मुलीलाही तसंच. ती विचारायची आणि उत्तर यायचं नाही. फरशी वाजायची नाही. हळूहळू आवाज यायचाच बंद झाला.

मी स्वतःला सांगितलं, बघ, भ्रमाला प्रश्न विचारला की भ्रम संपतो. डॉक्टरांनाही मी सहज बोललो. ते म्हणाले, "ताण आहे तुमच्यावर. मुलीच्या झोपेकडे लक्ष ठेवा. जागेपणी माणूस स्वतःला सावरतो."

परीक्षा संपली. यंत्र बसवायची तारीख मिळाली. मुलीने कॅलेंडरवर त्या चौकोनात एक लहान हृदय काढलं आणि त्यात विजेची रेघ. फक्त दोन गोष्टी तिने माझ्याकडून कबूल करून घेतल्या. यंत्र बसलं की घरात एक घंटा लावायची, चांगली कर्कश. आणि त्याआधी आई भिंतीवर.

"मी परत येईन तेव्हा मला ती दारातून दिसली पाहिजे," ती म्हणाली. "मोठी कर. पासपोर्टएवढी नको."

तिनेच फोटो निवडला. हिची आई कशावर तरी हसत होती, तोंड अर्धवट उघडं, काहीतरी बोलायच्या बेतात. मी म्हणालो, दुसरा घेऊ. ती म्हणाली, हाच.

६

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मुलगी कॉलेजात काही कागद आणायला गेली होती. दुपारचं ऊन अंगणात स्वच्छ पडलं होतं. मी शेडमध्ये तिच्या आईच्या फोटोची काच कापली, कडा घासल्या, सुती हातमोजे घातले आणि दोन्ही तळव्यांमध्ये काच छातीसमोर उभी धरून पॅसेजमध्ये आलो. काच धरायची हीच पद्धत आहे. बोटांनी पकडायची नाही, तळव्यांनी दाबून धरायची. माझ्या हातून आजवर काच पडलेली नाही.

मुलीच्या खोलीचं दार उघडं होतं. पडदे ओढलेले, आत अंधारसं. मी पुढे जाणार, इतक्यात मला तिच्या चपला दिसल्या. ती लवकर परत आली होती. माझं काम चाललेलं बघून, मला दचकवायला नको म्हणून, मला न सांगता झोपली होती.

मी जागच्या जागी उभा राहिलो. हातातल्या काचेतूनच मला ती दिसत होती. कुशीवर, एक हात गालाखाली. पांघरूण वर होत होतं, खाली होत होतं. मी म्हटलं, आता एक पाऊलही वाजवायचं नाही. असंच मागे सरकायचं.

अंधारासमोर काच धरली आणि मागे ऊन असलं, की काच दोन्ही कामं करते. पलीकडचं दाखवते आणि मागचंही दाखवते. मुलीच्या अंगावर, पुसटसा, मला माझा चेहरा दिसत होता. माझ्या चेहऱ्यामागे अंगणाचं उघडं दार. आणि माझ्या कानाशी ओठ होते.

चेहरा म्हणावा असं मला काही दिसलं नाही. ओठ होते, आणि ते उघडत होते. श्वास आत घेतला जात होता, लांब. माणूस ओरडायच्या आधी घेतो तेवढा.

मला जे कळलं ते सगळं एकदम कळलं. मी ओरडलो तर ती मरेल. मी पळालो तर पाय वाजतील. मी दचकलो तर काच पडेल, खाली दगडी फरशी आहे. हे जे कानाशी आहे, त्याला स्वतःला मोठा आवाज काढता येत नसेल. काच पाडायला त्याला माझे हात हवे आहेत. मी हातांना सांगितलं, काय वाटेल ते होवो, सोडायचं नाही. कानात गोळी झाडली तरी सोडायचं नाही.

ओठांमधून अगदी हळू, नियमाप्रमाणे आवाज आला.

"मी आहे."

माझे हात हलले नाहीत. काच हलली नाही. मी जिंकलो असं मला वाटलं, हे मला लिहून ठेवायला हवं.

आत पांघरूण हललं. झोपेतच, डोळे न उघडता, मुलगी म्हणाली, "कोण?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. झोपेतसुद्धा विसरली नव्हती ती. शहाणी पोर. विचारलं की उत्तर येत नाही, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

काचेत ओठ पुन्हा हलले. ते माझ्या कानाला जवळजवळ टेकलेले होते, तरी मला काहीही ऐकू आलं नाही. उत्तर माझ्यासाठी नव्हतं.

मुलीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. लहानपणी ताप उतरल्यावर पसरायचं तसं.

"ये ना, आई," ती म्हणाली. "बाहेर का उभी आहेस?"

माझ्या कानाशी कुणी नव्हतं. काचेत मी होतो, माझ्यामागे ऊन होतं. समोर, उंबऱ्याच्या आत, फरशी वाजली.

टुक.

घरात कुठेही आवाज झाला नाही. घंटा नाही, फोन नाही, दार आपटलं नाही. मी काचेतून बघत होतो. पांघरूण खाली गेलं. मी ते वर यायची वाट बघितली. आवाज न करता, श्वाससुद्धा न घेता, मी वाट बघितली.

मग मी दोन्ही तळवे उघडले.

त्या घरात दोन वर्षांत इतका मोठा आवाज झाला नव्हता. शेजारी धावत बाहेर आले. पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. कौलांवरची पाखरं उडाल्यासारखे काचेचे तुकडे खोलीभर उडाले, तिच्या उशीपर्यंत गेले.

ती दचकली नाही.